सत्तर मैलांचा हट्ट

अहो, काल तुमचा तेरावा झाला. मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आचाऱ्याची पातेली परत गेली. पंगत बसायच्या आधी गावातली दोन माणसं उठून तुमच्याविषयी चार शब्द बोलली. दोघांचं म्हणणं एकच. मिस्त्रींनी उभ्या जन्मात कुणाला उलटून शब्द दिला नाही, घरात तर नाहीच नाही. बायका माझ्याकडं बघून माना डोलवत होत्या, केवढी नशीबवान म्हातारी म्हणून. मी तोंडावर पदर घेतला. त्यांना वाटलं, रडतेय.

मला हसू येत होतं. उलटून शब्द दिला नाही म्हणे. लग्नानंतर चौथ्या वर्षी काही महिने तुमचं माझं रोज एक भांडण ठरलेलं होतं. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून नव्हे, माहेरच्या माणसांवरनं नव्हे. दातांवरनं. मोटारीच्या मागच्या धुरीत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात, एक लहान, एक मोठं, त्यांच्या दातांवरनं. नवराबायको असल्या गोष्टीसाठी भांडायचे असं आता कुणाला सांगितलं, तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील.

मग एका आषाढात ते भांडण बंद झालं. त्यानंतर साठ वर्षं, मी म्हणेन त्याला तुम्ही 'बरं' म्हणालात. लोकांना तो तुमचा स्वभाव वाटला. तो स्वभाव नव्हता, हे आपल्या दोघांना ठाऊक होतं. आता एकटीलाच ठाऊक आहे.

म्हणून लिहायला बसले. तुम्हाला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी विचारली नाही. आपली चिमी गेली, ती माझ्या हट्टापायी गेली का?

त्या वेळची मी तुम्हाला शेवटपर्यंत आठवत असेन का, कोण जाणे. मला आठवली की लाज वाटते. सोलापूरच्या शिंप्याची पोर, मराठी चौथी पास. त्या चौथीची मिजास एवढी, की तुमच्या मुरूम गावात टांग्यातनं पाय खाली ठेवला तो निजामाच्या मुलखात आता माझ्यामुळंच उजेड पडणार असं तोंड करून. पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईला सांगितलं, तुमच्या जात्याचं पीठ जाड येतंय, आमच्याकडं असलं चालत नाही. त्यांनी उठून जात्याचा खुंटा माझ्या हातात दिला. सहा महिने घरचं दळण माझ्याकडं. तुम्ही घराला लागूनच्या मिस्त्रीकामाच्या शेडच्या दारातनं बघायचात आणि तोंड फिरवून हसायचात. मला दिसायचं ते.

तुम्ही धाकट्या मालकांचे ड्रायव्हर आणि मिस्त्री, दोन्ही. मालकांच्या घरी पिढ्यान् पिढ्या आडत, कापसाची नि तुरीची, पण धाकट्या मालकांचा जीव मोटारीत. विलायतेला परत निघालेल्या सोलापूरच्या एका गोऱ्या साहेबाकडनं त्यांनी ती दोन माणसांची गाडी घेतली होती. वर छप्पर नाही, रंग हिरवा, नाक हे लांब. मुरुमातली लोकं तिला टोळ म्हणायची. लढाई नुकती संपलेली, पेट्रोल जपून मिळायचं, आणि मिळेल ते सगळं त्या टोळाच्या पोटात जायचं. थोरले मालक कपाळाच्या विभूतीला हात लावून शिवाचं नाव घ्यायचे आणि आत जायचे.

टोळ तासाला साठ मैल पळायचा. त्यापुढं इंजिन नुसतं किंचाळायचं, वेग काही वाढायचा नाही. धाकट्या मालकांच्या गुलबर्ग्याच्या मेव्हण्याची गाडी म्हणे सत्तरनं जायची. झालं. मालकांना सत्तर पाहिजे.

तुम्ही मला शिकवायला नको होतं. हे मी आज रागानं लिहितेय, पण खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात तेवढं मोलाचं दुसरं कुणी काही दिलं नाही. कुठल्या नवऱ्यानं त्या काळात बायकोपुढं मोटारीचं आतडं उघडून ठेवलं असतं? तुम्ही ठेवलंत. मागची धुरी खोलून ती दोन चाकं तुम्ही परातीत घातलीत आणि रॉकेलनं धुवायला माझ्याकडं दिलीत. मी धुतली आणि दात मोजायला बसले. मोठ्या चाकाचे दात मोजताना सुरुवात कुठनं केली तेच विसरायला व्हायचं, म्हणून एका दाताला कुंकवाचं बोट लावलं.

"हे काय करून ठेवलंयस?"

"खूण केली. इथनं मोजायला सुरू."

"आन् कुंकू तेलात गेलं म्हंजे?"

"सवाष्ण होईल तुमची गाडी."

तुम्ही त्या दिवशी पोट धरून हसलात. लहान चाकाला आठ दात, मोठ्याला बेचाळीस. इंजिनानं सव्वापाच गिरक्या घेतल्या की मागचं चाक एक गिरकी घेतं, हे तुम्ही मला चुलीच्या राखेत रेघा मारून सांगितलंत. मी लगेच म्हटलं, "मग चारच गिरक्यांत चाक फिरवा की. गाडी आपोआप जास्ती पळंल."

"पळंल. पण इंजिनाला इचारलं पायजे."

"इंजिनाला काय इचारायचं? ते काय पाटील हाय?"

आपलं भांडण इथनं सुरू झालं. तुम्ही म्हणायचात, इंजिनाचा जोर त्याच्या फिरण्यात असतो. मोकळं फिरलं तर जोर, दाबून हळू फिरवलं तर जोर उतरतो. दात बदलून कागदावर सत्तर येतील, ऐंशीही येतील, पण सडकेवर समोरनं वारा असतो, चढ असतो. तिथं इंजिन दमलं तर साठ होते तेही जातील. मी म्हणायचे, हे सगळं तुमच्या आळसाचं बोलणं. महिनाभर हेच चाललं. चिमी तेव्हा वर्षाची होती, ती आपल्या दोघांच्या मध्ये बसून एकदा तुमच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघायची.

एके दिवशी धाकटे मालक शेडमध्ये आले ते गोणपाटात गुंडाळलेला जोड घेऊन. सोलापूरच्या भंगारात त्यांना त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची दातेरी चाकं मिळाली होती. लहानाला नऊ दात, मोठ्याला चाळीस. बरोबर आडतीवरचे चार हमाल, गंमत बघायला.

"येनरी मिस्त्री," मालकांनी नेहमीसारखी कानडीत हाक मारली, "आता बसवा हे. सत्तर झालेच म्हणून समजा."

"मालक, ही गाडी ते दात ओढायची न्हाय."

"का न्हाय ओढायची? गणितानं तर सत्तर येतंय."

"गणितानं येतंय. वाऱ्यात येत न्हाय."

तुम्हाला बोलता कुठं यायचं? हातातली कामं सोन्यासारखी, पण चार माणसांत वाक्य पुरं करायचं म्हणजे घाम फुटायचा. मालक वाट बघत उभे. तुम्ही मान खाली घालून पाना पुसत होतात. आणखी थोडा वेळ तसेच गप्प राहिला असतात, तर मालक कंटाळून गेले असते. तुमचं 'न्हाय' टिकलं असतं.

तेवढ्यात दाराआडनं मी बोलले. "शिलाई मशीनचं खालचं चाक मोठं, म्हणूनच वरची सुई पळती. आमच्या सोलापुरात शेंबड्या पोरालाबी कळतं हे."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मग मालक हसले, हमाल हसले. "मिस्त्री, घरातनंच हुकूम सुटलाय. आता आमचं काय चालतंय?" तुमचे कान लाल झालेले मला फटीतनं दिसले. आणि मी, माझं काय वर्णन करू, मी आत जाऊन आरशात बघून आले. शहाण्या बाईचा चेहरा कसा दिसतो ते बघायला.

तिन्हीसांजेला तुम्ही घरात आलात, हातात गोणपाटाचा तुकडा. चार घड्या घातल्यात आणि माझ्या मशीनच्या सुईखाली सरकवलात. "चालव."

मी रोज मलमल, खण, फार तर मांजरपाट शिवणारी. पायटा दाबला. सुई गोणपाटात शिरली आणि अडकली. पट्टा घसरायला लागला. तुम्ही कडेला उभं राहून बघत होतात. मला हार दिसत होती हो. पण मी काय केलं? उजव्या हातानं हळूच वरचं चाक ढकललं, पदराआडनं. दोन टाके पडले.

"बघा. चाललं की."

"चाललं. हातानं."

"हात लागला असंल जरासा."

"गाडीला मागनं हात कोण लावनार, तू?"

"लावीन की. हाय काय त्यात."

तुम्ही हसलात आणि गोणपाट काढून घेतलंत. दुसऱ्या दिवशी नऊ-चाळीसचा जोड बसवायला घेतलात. मला वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, चार माणसांत झालेली फजिती आणि बायकोचा हट्ट, दोन्ही एकदम सोसणं तुमच्या भोळ्या जीवाला जमलं नाही. जुना जोड तुम्ही तेल लावून, त्याच गोणपाटात बांधून फळीवर ठेवलात. आज ना उद्या लागणार म्हणून.

मग ती फेरी. मालकांची परवानगी काढून तुम्ही मला टोळात बसवलंत. दुपारची वेळ, चिमीला आईंच्या मांडीवर देऊन मी पदर दातांत धरून बसलेली. मुरुमाची वाट हमरस्त्याला मिळते त्या मोडावरनं उमरग्याच्या अंगाला वळलो. तुम्ही मालकांचं खिशातलं घड्याळ माझ्या हातात दिलंत. वेग दाखवणारा काटा आता खोटा बोलणार, मागचे दात बदलले की त्याचं गणित चुकतं, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून मैलाच्या दगडापासनं दगडापर्यंत सेकंद मोजायचे. मोजायचं काम माझं. वारा पाठीशी होता, सडक जराशी उतरती. दगड गेला, मी मोजायला लागले, दुसरा दगड आला तेव्हा एक्कावन्न.

"म्हंजे किती?"

"सत्तर," तुम्ही म्हणालात.

मी ओरडले. बाभळीवरचे पक्षी उडाले असतील. अठरा-एकोणीस वर्षांच्या बाईनं सडकेवर असं ओरडायचं म्हणजे काय, पण ओरडले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पुढंही नाही झाला.

उमरग्याजवळनं गाडी वळवली आणि परत निघालो. आता वारा तोंडावर. दगड गेला, मी मोजत होते, साठ झाले, पासष्ट झाले, दगड येईना. सत्तर सेकंदांनी आला. पन्नास-एक्कावन्न मैलांचा वेग.

"तुम्ही मुद्दाम पाय कमी दाबताय."

"पाय तळाला टेकलाय. बघ."

मी वाकून बघितलं. टेकला होता.

"जुन्या दातांवर याच वाऱ्यात आपुन पंचावन्नच्या वर जात हुतो," तुम्ही म्हणालात. "आता इंजिन दमतंय. आन् खालचा गिअर घ्यावा तर तो पस्तिसाच्या वर येईना. मधलं कायच न्हाय." टोळाला पुढं जायचे गिअर तीनच, हे तुम्ही मला कितीदा तरी सांगितलं होतं. वरचा ओढेना झाला की एकदम दुसऱ्यावर यायचं, धावतं माणूस एकदम रांगायला लागावं तसं. मी ते ऐकलं आणि म्हटलं, "जाताना तर सत्तर झालं ना? मग?"

ते 'मग' आठवलं की अजून थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ज्येष्ठ सरला. पाऊस नावापुरता, वारा मात्र पश्चिमेकडनं असा सुटला की पत्रे वाजायचे. तुम्ही मालकांना जाऊन सांगितलंत, जुना जोड परत बसवतो. मालकांचीही हौस फिटली होती, ते म्हणाले, तुमच्या मर्जीनं करा. तुम्ही फळीवरनं गोणपाट काढलंत. एका दिवसाचं काम. मी आडवी आले.

"एवढं पंचमीपतूर ऱ्हाऊ द्या."

"का गं?"

"माझी बहीण येनार हाय. तिला सत्तर दाखवायचंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. गोणपाट परत फळीवर ठेवलंत. "बरं," म्हणालात. तुमचं ते पहिलं 'बरं'.

पंचमी यायला अजून वीस-बावीस दिवस होते. त्या दिवसांत एका सकाळी चिमीच्या गळ्यात घरघर सुरू झाली. आदल्या दिवशी नुसता ताप होता, मी काढा दिला होता. सकाळी तोंड उघडून बघितलं तर घशात पांढरा पापुद्रा. वैद्यांनी बघितलं आणि उठून उभेच राहिले. "घटसर्प हाय. इथं थांबू नका. सोलापूर गाठा." तुम्ही मालकांकडं पळालात. त्यांनी तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत किल्ली दिली, भरलेला डबा स्वतः उचलून आणला, टाकीत ओतला. त्या माणसाला माझ्या मनात कधीच दोष नाही.

मुरुमापासनं सोलापूर म्हणजे सूर्य मावळतो त्या अंगाला. वाऱ्याच्या तोंडात.

मोडावरनं सडकेला लागलो आणि पहिल्याच मैलात तुम्हाला कळलं. मलाही कळलं. वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडायची, वेग उतरत जायचा, मग तुम्ही दुसरा टाकायचात आणि इंजिन किंचाळत पस्तिसावर अडकायचं. थोडा आडोसा आला की वरचा, मोकळा माळ आला की परत दुसरा. घड्याळ नव्हतं. मी मनात मोजत होते, तुम्हीच लावलेली सवय. दगडापासनं दगडापर्यंत नव्वद. शंभर. जळकोटाच्या पुढं शंभराच्या वर गेलं. एका कानानं सेकंद आणि दुसऱ्या कानानं तिचा श्वास. दोन्ही मोजत होते हो मी. एक लांबत चाललं होतं आणि एक तुटत.

नळदुर्गाचा चढ लागला तिथं पाणी उकळलं. थांबावं लागलं. तुम्ही नाकावरचं झाकण फडक्यानं उघडलंत, हात भाजला, विहिरीवरनं कुणीतरी घागर आणून ओतली. मी गाडीतनं उतरले आणि चिमीला खांद्याशी धरून मागं जाऊन उभी राहिले. तुम्ही सुरू केलंत तेव्हा मी एका हातानं गाडी ढकलत होते. ढकलायची गरज नव्हती. तुम्ही मागं वळून बघितलंत, खुणेनं बस म्हणालात.

निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावर तरी अडवतील, असं मला आत कुठंतरी वाटत होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगतेय. वाटत होतं की अडवावं, म्हणजे पुढं काही झालं तर त्यांच्यावर ढकलता येईल. इतकी नीच होते मी, पोर मांडीवर असताना. पण तिथल्या जवानानं लांबनंच आपल्याला बघितलं, चिमीचा आवाज ऐकला, आणि स्वतःच बांबू वर केला. "जाव मिस्त्री, जल्दी जाव," म्हणाला. तीही सोय राहिली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती होती. माझ्याकडं बघत होती. डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, सामान काढायला सांगितलं. ते सामान उकळत्या पाण्यातनं बाहेर यायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "अर्धा तास आधी आला असता, तर गळ्याखाली छेद देऊन श्वासाला वाट करता आली असती."

अर्धा तास. त्यांनी सहज म्हटलं असेल. डॉक्टर लोक म्हणतात असं. पण मी शिंप्याची पोर, मला माप सांगितलं की ते डोक्यातनं जात नाही.

माझ्या बापानं आणि तुम्ही तिला तिथंच सोलापुरात मातीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी आपण दोघं परत निघालो. आता वारा पाठीशी. टोळ असा हलका झाला होता की नुसता सोडला असता तर सत्तरनं गेला असता. मी बघत होते तुमच्या पायाकडं. तुम्ही तो उचलून धरला होता. बैलगाडी बरी म्हणावी अशा चालीनं तुम्ही ती सगळी वाट कापलीत. मैलाचे दगड एकेक करत येत होते आणि आपण दोघंही तोंड फिरवत होतो. मी वाट बघत होते की तुम्ही आता बोलाल. शिव्या द्याल. 'बघितलंस?' म्हणाल. जळकोट गेलं, मोड आला, मुरुम आलं. तुम्ही गाडी शेडमध्ये घातलीत आणि म्हणालात, "हातपाय धू. आई वाट बघत असंल."

दुसऱ्या सकाळी शेडमधनं घणाचे आवाज यायला लागले. नऊ-चाळीस बाहेर, आठ-बेचाळीस आत. दोन दिवस लागले तुम्हाला त्या एका दिवसाच्या कामाला. मी मधल्या दाराला कडी लावली आणि मग तिकडं कधी गेले नाही. तुम्हीही कधी बोलावलं नाहीत. त्यानंतर तुम्ही कितीतरी गाड्या खोलल्यात, ट्रक, जीप, पुढं ट्रॅक्टर. एकाही गाडीचे दात मला मोजायला मिळाले नाहीत.

वर्षभर मी मशीनला हात लावला नाही. वर्षानं बसले तेव्हा चाक पहिल्यासारखं फिरलं, गंजाचा ठिपका नाही. दर सोमवारी तुम्ही त्याला तेल घालत होतात, हे आईंनी मला नंतर सांगितलं. पुढं दोन पोरं झाली, त्यांची पोरं झाली. मी म्हटलं घराला निळा रंग द्या, तुम्ही म्हणालात बरं. मी मुद्दाम चुकीचं बोलायचे हो. पुष्कळदा. सूर्याकडं पाठ करून विचारायचे, ही पूर्व ना? निदान तेवढ्यावर तरी चिडाल म्हणून. तुम्ही म्हणायचात, असंल. एखाद्या बाईला अंगावर येणारा नवरा सोसत नाही, मला हा सोसला नाही. पण तक्रार कुणाकडं करायची? आयाबाया म्हणाल्या असत्या, दे तुझा आम्हाला.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही शुद्धीवर होतात. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी स्टूल ओढून तुमच्याजवळ बसले, आज विचारायचंच असं ठरवून. शब्द सुद्धा जुळवले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि बराच वेळ माझ्याकडं बघितलंत.

"काय इचारायचंय का तुला?"

अहो, तुम्ही स्वतः दार उघडून दिलं होतंत.

"न्हाय," मी म्हटलं. "चहा घेता का जरा?"

"बरं," तुम्ही म्हणालात.

नात पुण्याला इंजिनाचंच शिकते, हे तुम्हाला किती कौतुकाचं. दहाव्याला आली होती. मी तिला सगळं सांगितलं, आठ-बेचाळीस, नऊ-चाळीस, तीन गिअर, तासाला साठ मैल, आणि विचारलं, जुन्या दातांवर सोलापूर किती आधी गाठलं असतं? कुणासाठी विचारतेय ते सांगितलं नाही, म्हटलं आजोबांची एक जुनी गोष्ट आहे. ती वही घेऊन बसली. "आजी, वारा किती होता?" पत्रे वाजतील एवढा. "चढ किती?" पाणी उकळेल एवढा. "गाडीत वजन किती?" दोन माणसं आणि एक लहान पोर, मी म्हटलं. तिनं तासभर आकडे मांडले आणि म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार. पाच मिनिटांचा फरक पडला असेल, नाहीतर पस्तीस मिनिटांचा. त्या दिवशी गाडी कशी ओढत होती ते चालवणाऱ्यालाच माहीत."

ती झोपायला गेली. मी तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. आधी वाटलं, सुटले. पाच मिनिटांचाही असू शकतो म्हणाली ना पोर. मग तुमचा विचार आला.

चालवणाऱ्याला माहीत होतं. पायाखाली इंजिन कसं होतं, जुन्या दातांवर त्या वाऱ्यात तुम्ही कितीनं गेला असतात, नळदुर्गाला पाणी उकळलं असतं की नसतं, हे सगळं तुम्ही परतीच्या वाटेवर मोजून ठेवलं असणार. तुम्ही न मोजता राहिलेलं मी काही बघितलं नाही. आणि यंत्राच्या बाबतीत तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही. कलेक्टरच्या गाडीलाही तुम्ही तोंडावर भंगार म्हणाला होतात. समजा उत्तर पाच मिनिटं असतं, तर? तुम्ही ते मला सोलापूरच्या वेशीतच सांगितलं असतं. हात धरून सांगितलं असतं, अगं, जुन्या दातांवरबी येवढाच वेळ लागला असता, तुझा काय दोष न्हाय. एवढी चांगली बातमी तुम्ही माझ्यापासनं साठ वर्षं लपवून ठेवली असती का? माझी रात्र रात्र जागण्याची तऱ्हा बघून?

तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं. म्हणून 'बरं'.

तेव्हा मला विचारायची गरजच नव्हती, बघा. उत्तर घरात रोज माझ्या समोर जेवायला बसत होतं. सगळ्या गावानं काल ज्याचं कौतुक केलं ते हेच. तुम्ही तुमच्या परीनं मला वाचवलंत, आणि त्यासाठी मी तुमचे पाय धरीन, आणि त्यासाठीच मी तुम्हाला माफ करू शकत नाही. ती माझीही पोर होती, तुमचीही होती. तुम्ही एकट्यानं तिचं काय केलंत इतकी वर्षं? कुठं ठेवलंत? माझ्यावर राग येऊ नये म्हणून किती जोर लावावा लागला असेल तुम्हाला, दिवसातनं किती वेळा?

त्या दुपारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी चहाचं बोलायला नको होतं. आणि तुम्हीही, मी नाही म्हटलं तरी, सांगून टाकायचं होतं. ऐंशीची झाले की मी. आता काय विहीर जवळ करणार होते? सोसलं असतं. तुमच्या तोंडून एकदा 'व्हय, तुझ्यामुळं' ऐकलं असतं, म्हणजे मीही म्हटलं असतं, तुम्ही तरी त्या दिवशी माझं का ऐकलंत, एका दिवसाचं काम होतं. तुम्ही चिडला असतात. मी चिडले असते. दोघांनी बसून चिमीचं नाव घेऊन भांडलो असतो, कडाकडा, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

तिचं नाव तरी घरात निघालं असतं.